वाचकांचे आरोग्यप्रश्न : पेगच्या जोडीला अँटिऑक्सिडंटची गोळी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा वेगवेगळ्या गावांतल्या आणि वेगवेगळ्या वयांच्या वाचकांनी जवळपास एकच गोष्ट विचारली असल्याचे लक्षात आले. मद्यपान चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या, तर यकृत वाचते का? म्हणून या वेळी हा एकच विषय घेतला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया तिथे आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. आठवड्यातून चार दिवस मी दोन लार्ज पेग व्हिस्की घेतो, त्याहून जास्त कधीच नाही. नुकत्याच केलेल्या यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी ८८ आणि एसजीपीटी ५४ आले असून सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघाले आहे. ऑफिसमधल्या एका मित्राच्या सांगण्यावरून मी बीटा कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व असलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, ई जीवनसत्त्वाची ४०० ची हिरवी कॅप्सूल आणि सिलिमरीन सुरू केले आहे. पिण्याच्या दिवशी या गोळ्या आधी घ्याव्यात की नंतर?
एक वाचक, पुणे

उत्तर : गोळ्यांकडे वळण्याआधी आपण किती मद्य घेता, याचा हिशेब मांडू. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. दोन लार्ज म्हणजे ४० ग्रॅम आणि चार दिवसांचे १६० ग्रॅम. हा हिशेबसुद्धा माप काटेकोर असेल तरच खरा. माझ्या टेबलावर एक मोजपात्र आणि काचेचा साधा ग्लास ठेवलेला असतो. 'घरी जेवढे ओतता तेवढे पाणी या ग्लासात ओता,' असे मी रुग्णांना सांगतो आणि मग ते पाणी मोजपात्रात घेतो. 'लार्ज' म्हणून ओतलेले पाणी ८० किंवा ९० मिलिलिटर भरताना मी अनेकदा पाहिले आहे, आणि तो आकडा पाहून समोरच्या माणसाला खरोखर धक्का बसतो. आपणही एकदा घरी हे करून पाहावे.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. म्हणजे दोन लार्ज संपवून आपण झोपलात, तरी यकृताचे काम मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालूच असते. हे काम दोन टप्प्यांत होते. अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट होते. यातले ॲसिटाल्डिहाइड विषारी आहे. ते पेशीतल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यांचे काम बिघडवते. रोज किंवा वरचेवर पिणाऱ्या माणसाच्या यकृतात याशिवाय दुसरा एक मार्ग जोरात सुरू होतो. सीवायपी२ई१ हे त्या मार्गावरच्या विकराचे (एन्झाइमचे) नाव. न्यूयॉर्कचे चार्ल्स लीबर आणि त्यांचे सहकारी डिकार्ली यांनी १९६८ मध्ये हा मार्ग दाखवून दिला. पिण्याची सवय जितकी जुनी, तितका हा विकर वाढतो आणि काम करता करता ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण बाहेर टाकतो. पेशीची आवरणे या कणांमुळे खराब होतात. त्यांना आवर घालणारे ग्लुटाथायोन यकृत स्वतःच तयार करते, पण मद्यामुळे त्याचाही साठा घटतो, विशेषतः पेशीची ऊर्जा जिथे तयार होते त्या मायटोकाँड्रियामधला.

इथपर्यंतचे वाचून कोणालाही वाटेल की अशा वेळी या कणांना आवर घालणारे अँटिऑक्सिडंट बाहेरून पुरवले की झाले. हा विचार अडाणीपणाचा मुळीच नाही. अनेक नामवंत संशोधकांनाही तसेच वाटले होते आणि म्हणूनच त्यांनी रुग्णांवर रीतसर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष मात्र निराशा करणारे निघाले. मद्यामुळे सिरॉसिस (व्रणाच्या तंतूंनी यकृत कडक होण्याचा आजार) झालेल्यांना वर्षभर ई जीवनसत्त्व देऊन पाहिले, पण फायदा दिसला नाही. मद्यामुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या १०१ रुग्णांवरचा एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला स्टेरॉइड आणि दुसऱ्याला अनेक अँटिऑक्सिडंटांचे मिश्रण दिले होते. महिन्याभरात स्टेरॉइडच्या गटातले ३० टक्के रुग्ण दगावले, तर अँटिऑक्सिडंटच्या गटातले ४६ टक्के. यकृताच्या आजारांवर अँटिऑक्सिडंट देण्याबाबतचे २० प्रयोग कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये एकत्र तपासले, त्यातूनही या गोळ्यांची शिफारस करता येईल असा पुरावा हाती आला नाही.

असे का व्हावे? क्रियाशील कण ही मद्याने केलेल्या अनेक नुकसानींपैकी फक्त एक नुकसान आहे. ॲसिटाल्डिहाइड, पेशींत साठणारी चरबी, आतड्याची भिंत सैल पडून यकृताकडे येणारी जिवाणूंची विषे आणि त्यांनी पेटवलेली सूज, हे सगळे गोळी घेतल्यावरही जसेच्या तसे चालू राहते. शिवाय गिळलेले जीवनसत्त्व यकृतपेशीच्या नेमक्या त्या कोपऱ्यात, नेमक्या त्या क्षणी आणि पुरेशा प्रमाणात पोहोचेल, याची खात्री देता येत नाही.

आता आपल्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट, म्हणजे बीटा कॅरोटीन. शरीर बीटा कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवते, आणि अ जीवनसत्त्वाचे मुख्य कोठार यकृत हेच आहे. यकृतातल्या ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी ते चरबीच्या थेंबांत साठवून ठेवतात. यकृताला इजा होत राहिली की याच पेशी आपला साठा सोडून देतात आणि व्रणाचे तंतू विणू लागतात. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते, ते या तंतूंमुळे. मद्यपी माणसाच्या यकृतातले अ जीवनसत्त्व खरोखरच कमी झालेले असते, म्हणून ते बाहेरून द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी आहे की मद्य आणि अ जीवनसत्त्व यांचे विघटन करणारे विकर मोठ्या प्रमाणात सामाईक आहेत. मद्याने वाढवलेला तो दुसरा मार्ग अ जीवनसत्त्वाचेही तुकडे करतो आणि त्यातले काही तुकडे यकृतपेशींना मारक ठरतात. म्हणजे कमतरता आणि विषबाधा यांच्यामध्ये निरोगी माणसाकडे जी रुंद मोकळी जागा असते, ती मद्यपी माणसाच्या यकृतात अगदी चिंचोळी होते. लीबर यांच्याच प्रयोगशाळेत बबून माकडांना मद्यासोबत बीटा कॅरोटीन दिले, तेव्हा नुसत्या मद्यापेक्षा यकृताचे जास्त नुकसान झालेले आढळले. मद्यामुळे बीटा कॅरोटीनचे रूपांतर आणि निचरा अडतो आणि ते रक्तात व यकृतात साचत जाते.

माणसांवरचा पुरावा यकृताचा नसून फुप्फुसाचा आहे, पण मद्याशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे तो इथे सांगायला हवा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी वाढला. पुढे हीच माहिती बारकाईने तपासली, तेव्हा हा वाढीव धोका मुख्यतः दिवसाला ११ ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांत दिसला. आपल्या मापात ११ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक स्मॉल पेग. याच पुरुषांपैकी प्रयोगाच्या सुरुवातीला ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त होते, त्यांच्यात कर्करोग कमी होता. ताटातल्या भाजीतून येणारे आणि कॅप्सूलमधून येणारे यांत केवढे अंतर आहे, हे मला याच निष्कर्षाने पहिल्यांदा पटले. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देणारा असाच एक प्रयोग चालू होता. कर्करोग २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच तो जानेवारी १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला.

हिरव्या कॅप्सूलबद्दल कोणी आपल्याला सांगितले असेल की फॅटी लिव्हरवर ई जीवनसत्त्व चालते. त्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या प्रयोगावर हे सांगणे आधारलेले आहे, त्यात मधुमेह नसलेले आणि मद्याचा प्रश्न नसलेले रुग्ण होते. यकृताचा तुकडा तपासून निदान पक्के केल्यावर त्यांना सुमारे दोन वर्षे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ८०० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचे एकक) मात्रा दिली होती. आपण त्यांच्यापैकी नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा वर्षानुवर्षे घेण्याला धोकेही आहेत. रक्त गोठण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते, आणि आजारी यकृत रक्त गोठवणारे घटक आधीच कमी बनवत असते. अमेरिकेतल्या ३५,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात रोज ४०० आययू घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक आढळला.

सिलिमरीन या वनस्पतिजन्य औषधाने आपले नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. मद्यजन्य सिरॉसिसच्या २०० रुग्णांना ते रोज ४५० मिलिग्रॅम दिले असता त्यांचे आयुष्य मात्र वाढले नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की या गोळ्या आधीही घेऊ नयेत आणि नंतरही घेऊ नयेत. बीटा कॅरोटीनची कॅप्सूल आजच बंद करावी. एसजीपीटीपेक्षा एसजीओटी वर असणे हा मद्याने झालेल्या इजेचा नेहमीचा ठसा आहे आणि तो आपल्या अहवालात स्पष्ट उमटला आहे. पूर्ण सहा आठवडे मद्य थांबवून याच तपासण्या पुन्हा कराव्यात. यकृत केवळ चरबीच्या टप्प्यावर असेल, तर एवढ्या अवधीत ते बरेचसे सावरते. तसे ते सावरताना मी पाहिले आहे आणि डॉक्टर म्हणून मला फार थोड्या गोष्टींनी इतका आनंद दिला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना कावीळ आणि पोटात पाणी झाल्यामुळे रुग्णालयात ठेवावे लागले होते. ते बरीच वर्षे रोज पीत असत. तिथे त्यांना बी१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि ॲसिटिलसिस्टीन नावाचे औषध सलाइनमधून दिले. हे औषध अँटिऑक्सिडंट आहे असे सिस्टर म्हणाल्या. घरी सोडताना मात्र डॉक्टरांनी 'दुकानातून कुठलीही टॉनिके आणू नका' असे बजावले. रुग्णालयात जे चालते ते घरी का चालत नाही?
एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आपल्याला दिसलेली विसंगती खरोखर दिसण्यासारखी आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगतो. आपल्या यजमानांना दोन वेगळ्या हेतूंनी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या होत्या.

बी१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, दिले ते कमतरता भरून काढण्यासाठी. रोज पिणाऱ्या माणसाचे जेवण तुटलेले असते, आतड्यातून थायमिन नीट शोषले जात नाही आणि यकृतातला साठा आटतो. त्या अवस्थेत मेंदूला अचानक इजा होऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होतो, डोळ्यांच्या हालचाली आणि चालण्यातला तोल बिघडतो. थायमिन वेळेवर दिले तर हे टळते. म्हणूनच अशा रुग्णाला साखरेचे सलाइन लावण्याआधी थायमिन देण्याची पद्धत आहे. फॉलिक ॲसिड आणि झिंक यांची कमतरताही या रुग्णांत वरचेवर आढळते. जे कमी पडले आहे ते तपासून, मोजून भरून देणे हा उपचार आहे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली अशी गोळी आपण बंद करू नये.

ॲसिटिलसिस्टीनपासून यकृत ग्लुटाथायोन तयार करते. फ्रान्समधल्या रुग्णालयांत मद्यजन्य तीव्र यकृतदाहाच्या १७४ रुग्णांवर झालेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या स्टेरॉइडच्या गटात एका महिन्यात २४ टक्के मृत्यू झाले, तर स्टेरॉइडला पाच दिवस ॲसिटिलसिस्टीनची जोड दिलेल्या गटात ८ टक्के. सहा महिन्यांनंतर मात्र दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. म्हणजे हे औषध अत्यवस्थ रुग्णाला, शिरेतून, थोडे दिवस, स्टेरॉइडच्या सोबतीने आणि मद्य पूर्ण थांबलेले असताना उपयोगी पडू शकते. हेच औषध पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात दुकानात मिळते. ते पिण्याच्या दिवशी घेतल्याने यकृत वाचते, असा त्यातून अर्थ निघत नाही. उंदरांवरच्या एका प्रयोगात मद्याच्या आधी दिलेल्या ॲसिटिलसिस्टीनने यकृताचे रक्षण केले, पण तेच मद्यानंतर दिले तेव्हा इजा वाढली. माणसाबद्दलचा निर्णय उंदरावरून करता येत नाही, पण कधी दिले यावर परिणाम उलटू शकतो एवढी जाणीव त्यातून नक्की व्हावी.

टॉनिकांबद्दल डॉक्टरांनी दिलेली ताकीद मला पूर्ण पटते. पोटात पाणी झालेल्या एका रुग्णाच्या पत्नीने मागे एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली होती. त्यात सात डबे आणि बाटल्या होत्या. आम्ही दोघांनी बसून प्रत्येकावरचे लेबल वाचले, तेव्हा त्यांतल्या तिघांत अ जीवनसत्त्व होते, दोघांत लोह होते आणि एका टॉनिकमध्ये तर अल्कोहोलच होते. मद्यपानामुळे आतड्यातून लोह जास्त शोषले जाऊन यकृतात साठते, आणि साठलेले लोह क्रियाशील कणांच्या निर्मितीला हातभार लावते. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा लोहाचे शोषण आणखी वाढवते. म्हणून रक्ततपासणीत लोहाची कमतरता दिसल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. घरात आधीपासून असलेल्या बाटल्या आपण पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवाव्यात. त्या बाईंनी आणल्या होत्या तशाच सगळ्या, एकही मागे न ठेवता.

प्रश्न : आमच्या भागात द्राक्षे आणि वाइन दोन्ही पिकतात, असे आम्ही कौतुकाने म्हणतो. रेड वाइनमध्ये रेझव्हेरट्रॉल हे अँटिऑक्सिडंट असते, त्यामुळे ती यकृताला व्हिस्कीपेक्षा सौम्य असते का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात, वाइन १३ टक्क्यांची असेल तर, सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. रेझव्हेरट्रॉलचे प्रमाण लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असते. ते ५ मिलिग्रॅम धरले, तरी संशोधनात कॅप्सूलमधून देतात तेवढे ५०० मिलिग्रॅम मिळवायला १०० लिटर वाइन प्यावी लागेल. यकृताला दोन्ही एकदमच मिळतात, आणि ग्रॅमांपुढे मिलिग्रॅमांचा टिकाव लागत नाही. फ्रान्समधले लोक चरबी खाऊनही हृदयविकारापासून तुलनेने दूर राहतात, हे निरीक्षण १९९२ मध्ये गाजले आणि त्याचे श्रेय वाइनला दिले गेले. पण तो मुद्दा हृदयाचा होता. त्याच फ्रान्समध्ये मद्यजन्य सिरॉसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने होते, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे घेतली. रेझव्हेरट्रॉल द्राक्षाच्या सालीत असते आणि आपल्याकडे द्राक्षे बागेतून थेट घरी येतात, ती स्वच्छ धुऊन खावीत.

प्रश्न : मी शनिवार-रविवारीच बिअर घेते. विषारी द्रव्ये निघून जावीत म्हणून काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काची गोळी आणि गुळवेलीचा काढा रोज चालू आहे. हे सगळे नैसर्गिक असल्यामुळे काळजीचे कारण नसावे ना?
एक वाचक, ठाणे

उत्तर : काळजीचे कारण आहे आणि ते सौम्य शब्दांत सांगणे मला योग्य वाटत नाही. आपण आमटीत घालतो त्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम, आणि तेही फारसे शोषले जात नाही. कॅप्सूलमध्ये ५०० ते १,००० मिलिग्रॅम कर्क्युमिन असते आणि मिरीतले पायपरीन त्याचे शोषण अनेक पटींनी वाढवते. औषधांमुळे होणाऱ्या यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतला एक दगावला. इजा झालेल्यांपैकी बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे बाकीच्या अनेकांना जे सोसते ते यांना सोसले नव्हते. ती खूण आपल्यात आहे की नाही, हे कोणी कॅप्सूल विकताना तपासत नाही.

ग्रीन टी कपातून पिणे निर्धोक आहे. अर्काच्या गोळीचे तसे नाही. त्यातला ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास यकृताचे विकर रक्तात वाढतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काढला. गुळवेलीबाबत करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृतदाहाच्या सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीची भेसळ झालेली असू शकते, अशी बाजू मांडली. ती बाजू खरी मानली, तरी घरी काढा करणाऱ्या माणसाला कोणता वेल हाती आला आहे हे ओळखता येईलच असे नाही, त्यामुळे सावधगिरी दोन्ही बाजूंनी तीच राहते.

बिअरचाही हिशेब आपण करावा. ६५० मिलिलिटरच्या साध्या ५ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असते आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेगइतके. स्त्रियांच्या यकृताला तेवढ्याच मद्याने पुरुषांपेक्षा लवकर इजा होते. या तीनही गोष्टी थांबवून महिन्याने एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करावी. मध्येच भूक मरणे, लघवी गडद पिवळी होणे किंवा अंगाला खाज सुटणे असे काही जाणवले, तर महिना न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि काय काय घेत होतात ते लपवू नये.

प्रश्न : पार्टीच्या दुसऱ्या दिवशी डोके धरते. तेव्हा मी पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या आणि क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी घेतो. क जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंट असल्याने पॅरासिटामॉलचा त्रास होत नाही, हे बरोबर आहे का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क जीवनसत्त्वाची एखादी गोळी निरुपद्रवी आहे, पण पॅरासिटामॉलपासून ती रक्षण करत नाही. पॅरासिटामॉलचा थोडा भाग सीवायपी२ई१ या त्याच विकराच्या मार्गाने जातो आणि एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी ग्लुटाथायोन त्याला लगेच निष्प्रभ करते. नियमित पिणाऱ्या माणसात हा विकर वाढलेला असतो आणि ग्लुटाथायोन घटलेले असते. अंगात मद्य असेपर्यंत विकर त्याच्या कामात गुंतलेला असतो, मद्य उतरले की तो मोकळा होतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच जास्त जोखमीची वेळ असते. एरवी निरोगी असलेल्या आणि क्वचित पिणाऱ्या माणसाने जेवून ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या घेतल्या तर सहसा बिघडत नाही. नियमित पिणाऱ्याने दिवसभरात २ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि उपाशीपोटी किंवा उलट्या होत असताना ही गोळी घेऊ नये. सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या मोजणीत धरावे. चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर काहीही त्रास नसला तरी तत्काळ रुग्णालयात जावे, कारण ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो आणि कावीळ दिसेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

प्रश्न : बाबांना सिरॉसिसचे निदान झाले आहे. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी दारू पूर्ण सोडली, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो. आता यकृत लवकर भरून यावे म्हणून कोणते अँटिऑक्सिडंट द्यावे?
एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या बाबांचे मनापासून अभिनंदन करतो. ते माझ्या वतीने त्यांना जरूर सांगावे. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम सोडताना थरथर, फिट्स आणि भ्रम होण्याचा धोका असतो, त्यामुळे हे पत्र वाचून कोणी सोडायचे ठरवत असेल तर त्यांनी डॉक्टरांच्या किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या देखरेखीखालीच सोडावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे, आणि १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत दूरध्वनी क्रमांकावर जवळच्या मदतीची माहिती मिळते.

बाबांना अँटिऑक्सिडंट नको आहे, त्यांना जेवण हवे आहे. सिरॉसिसमध्ये प्रथिने तोडायची ही जुनी समजूत अजून घरोघरी आहे आणि तिने रुग्णांचे हातपाय काटकुळे करून टाकले आहेत. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. ताजे मासे, अंडी, उसळ, दही यांतून ती भागवावीत. आजारी यकृतात साखरेचा साठा राहत नसल्याने रात्रभराच्या उपासातच शरीर स्नायू मोडून खाऊ लागते, म्हणून झोपण्यापूर्वी दूध-पोहे किंवा पेजेसोबत अंडे असे काहीतरी पोटात जायला हवे. बिनसाखरेची कॉफी ते घेत असतील तर खुशाल घेऊ द्यावी. कॉफी पिणाऱ्यांत सिरॉसिस कमी आढळतो असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसल्यास ती द्यावी, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

गोव्यात राहत असल्याने दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. कालवे किंवा तिसऱ्या कच्च्या अथवा अर्धवट शिजवलेल्या त्यांना कधीही देऊ नयेत, कारण समुद्राच्या पाण्यातला एक जिवाणू सिरॉसिसच्या रुग्णात काही तासांत रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. पोटात किंवा पायांवर पाणी साठत असेल, तर सुके बांगडे, खारे, पापड आणि लोणचे बंद ठेवावे. ताज्या बांगड्याचे कमी मिठाचे हुमण मात्र त्यांना आठवड्यातून चार वेळा दिले तरी चालेल.